रसिका पुढे का निघत नाही

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
१८ नोव्हेंबर १९९६

प्रिय अशोक,

तुझं खुशालीचं पत्र दिवाळीच्या आधीच मिळालं होतं, उत्तराला आत्ता मुहूर्त लागतोय. रागावू नकोस. फराळाचा डबा तुमच्या ऑफिसच्या सुधाकर भावजींबरोबर धाडलाय, ते महिनाअखेरीस पोर्ट ब्लेअरला येतायत. चकल्या मऊ पडल्या तर दोष समुद्राच्या हवेला द्यायचा, मला नाही.

इकडे सगळं ठीक. बाथरूमचा नळ तू गेलास तेव्हा गळत होता, अजूनही इमानेइतबारे गळतोय. तक्रार दिली, माणूस 'कल पक्का' म्हणून गेला तो गेलाच. पाडव्याला तू नव्हतास म्हणून रसिकानं मला ओवाळलं आणि वर ओवाळणीही मागितली. सरोजिनीच्या बाजारात संध्याकाळी चल म्हटलं तर मात्र नको म्हणते, गर्दी आवडत नाही म्हणते. या वयाच्या बाकीच्या पोरी तिथून हलत नाहीत.

नोएडाला माझी शाळा आहे तिकडे बसनं जाताना दर आठवड्याला कुठल्या तरी बिल्डिंगवर नवा मजला चढलेला दिसतो. शाळेमागे मोहरीचं शेत होतं ना, तिथे आता रंगीत टीव्हीची कंपनी आली आहे. त्या कंपनीनं मुलींच्या फुटबॉलची स्पर्धा ठेवली आहे, डिसेंबरात, तीही फ्लडलाइटमध्ये. केबलवर दाखवणार म्हणे. आमच्या शाळेचा संघ उतरतोय, आणि दिल्लीचा संघ निवडणारे लोक येऊन बसणार आहेत. रसिकाचं बारावीचं वर्ष, यंदा संघात आली तर कॉलेजला खेळाडूंच्या कोट्यातून जागा, पुढे नोकरीची आशा. गणितात ती काय दिवे लावणार आहे ते तुला ठाऊकच आहे. तेव्हा जे काही व्हायचं ते या स्पर्धेत.

पण तिचं एकच दुखणं आहे. ती पुढे निघत नाही.

तुला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, म्हणून नीट सांगते. गोलकीपरनं दोन खांबांमधल्या रेघेवर उभं राहून चेंडू येण्याची वाट बघायची नसते. बाजूनं किंवा कोपऱ्यातून चेंडू उंच आला की तो कुठे पडणार ते ओळखायचं, 'कीपर' म्हणून जोरात ओरडायचं, म्हणजे आपल्या मुली बाजूला होतात, आणि धावत निघून सगळ्यांच्या डोक्यावरून तो वरच्यावर घ्यायचा. मी पुण्यात खेळत होते तेव्हा तो सगळा चौकोन माझ्या मालकीचा होता. आणि माझी पोर रेघेला चिकटून उभी.

समोरून मारलेला चेंडू अडवताना तिला बघत राहावं. दुपारी मी स्वतः जवळून मारते, एक जाऊ देत नाही. पण बाजूनं आला की अगदी नाकासमोर येईपर्यंत बाई हलणार नाहीत. तोवर दुसऱ्या कुणीतरी डोकं लावून गोल केलेला असतो.

त्यात आमची सुदेश. ही आमची स्टॉपर, म्हणजे कीपरच्या पुढे उभी राहणारी. शाळेजवळच्याच गावातली आहे, ज्यांच्या शेतांवर नोएडाचे सेक्टर उभे राहिले त्यांच्यातली. चेंडू आला की तीच ओरडते, "आ रही है, बाएँ से, निकल." मग आमची रसिका निघते. सगळीकडे कीपर ओरडते आणि स्टॉपर ऐकते, आमच्याकडे उलटा कारभार. सुदेशला ताकीद दिली आहे, तोंड बंद ठेवायचं. नाहीतर ही जन्मभर दुसऱ्याच्या हाकेवर खेळेल.

बाकी विशेष काही नाही. पोरीच्या नडग्या काळ्यानिळ्या झाल्यात, मैदानात कमी आणि घरातल्या स्टुलावर जास्त आपटते. ध्यानच नसतं.

आणि हो, सहज आठवलं म्हणून विचारते. कुमुदवन्संच्या डोळ्यांना लहानपणी नक्की काय झालं होतं? आई गोवर म्हणायच्या ना? सहजच.

तब्येत सांभाळ. माशाचे काटे बघून खा.

तुझी
अलका


लक्ष्मीबाई नगर
३ डिसेंबर १९९६

प्रिय अशोक,

पत्र मिळालं. टाइप केलेलं. बायकोला टाइप करून पत्र धाडणारा तूच, खाली 'प्रत माहितीसाठी सादर' तेवढं राहिलं बघ. समुद्राचा रंग वाचला, शहाळ्यांचं वाचलं, तिकडे अंधार लवकर पडतो म्हणून तू पाचलाच खोलीवर परततोस तेही वाचलं. मी विचारलं होतं त्याचं उत्तर मात्र दोन्ही बाजूंना शोधून सापडलं नाही. विसरला असशील.

इथे थंडी पडली. सकाळी धुकं असतं, आणि संध्याकाळी धूर की धुकं ते कळत नाही. स्पर्धा लाइटमध्ये आहे म्हणून मी सरावही संध्याकाळी घ्यायला लागले. हे माझंच डोकं. मैदानाच्या एका बाजूला शाळेचा एक दिवा आहे, त्याच्या उजेडात.

रसिकाची भीती घालवायचा मी चंग बांधला आहे. खांबांच्या पुढे चुन्याची रेघ मारली आणि सांगितलं, हिच्या मागे पाय गेला तर मैदानाला एक चक्कर. पोरगी संध्याकाळभर चकराच मारत होती. दम लागला, पण तक्रार नाही. ती तक्रार करत नाही याचाच मला राग येतो. मी सगळ्यांसमोर तिला भित्री म्हटलं. म्हटलं, कीपरचे हातमोजे काढून ठेव आणि स्वेटर विणायला बस.

मग ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "आई, तू बोलून टाक ना. डावीकडून टाकतेयस का उजवीकडून, एवढंच सांग."

मी म्हटलं, समोरचा संघ काय तुला तार करून चेंडू मारणार आहे? सगळ्या पोरी हसल्या. रसिकाही हसली. मला ते हसणं आवडलं नाही, का ते सांगता येत नाही.

सुदेशचं तोंड काही बंद राहीना, म्हणून तिला पुढच्या फळीत पाठवलं. रसिकाच्या पुढे आता दुसरी मुलगी आहे, गुणी, गप्प. सुदेश माझ्यावर फुरंगटली आहे. फुरंगटू दे.

अजून एक गंमत सांगते. परवा ती टीव्ही बघत बसली होती. मी स्वयंपाकघरातून पळी घेऊन आले आणि चेष्टा म्हणून तिच्या कानाजवळ धरली, मग हळूहळू पुढे नेली. गालापर्यंत नेली. तिचं लक्षच नाही. डोळ्यासमोर आली तेव्हा एकदम दचकली. मग मी म्हटलं, आमटी वाढू का? टीव्हीत गुंगली असणार. मुलं गुंगतात.

दुसऱ्या दिवशी परत तेच करून बघितलं. दुसऱ्या बाजूनं. तेव्हा टीव्ही बंद होता.

अशोक, मला वन्संबद्दल लिही. पुण्याला फोन करावा म्हणून मी कोपऱ्यावरच्या बूथवर जाऊन आले, नंबर न लावताच परत आले. आईंनी फोन उचलला तर काय बोलू? आणि मला ते तुझ्याकडून कळायला हवं. एका ओळीत लिही, गोवर होता की दुसरं काही. टाइप केलंस तरी चालेल.

मी उगाच मनाला लावून घेतेय असं लिहिलंस तर मला बरंच वाटेल.

तुझी
अलका


लक्ष्मीबाई नगर
१५ डिसेंबर १९९६

प्रिय अशोक,

रसिका ठीक आहे. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. हनुवटीला टाके पडलेत, दात शाबूत आहेत, डोक्याला काही नाही. आत्ता झोपली आहे.

काल सामना झाला. कंपनीनं काय थाट केला होता म्हणून सांगू. रंगीत टोप्या, स्पीकर, मैदानाच्या चार कोपऱ्यांत उंच खांबांवर दिवे. खांबापाशी डोळे दिपत होते आणि मधल्या पट्ट्यांत काळोख. धुकंही उतरलं होतं. मी मनाशी म्हटलं, सगळ्यांनाच सारखं आहे. आमच्या पोरी चांगल्या खेळत होत्या. समोरून आलेले दोन-तीन चेंडू रसिकानं असे अडवले की निवड करणारे लोक आपसात बोलायला लागले. मला वाटलं, झालं, जमलं.

मग दुसऱ्या संघाला कॉर्नर मिळाला, म्हणजे कोपऱ्यातून मारायचा चेंडू, आमच्या डावीकडून. मी बाजूला उभी होते आणि ओठ चावत होते. आणि अशोक, तिनं 'कीपर' म्हणून हाक मारली. इतकी खणखणीत हाक मी कुठल्याच मैदानावर ऐकली नव्हती. आमच्या सगळ्या मुली बाजूला झाल्या, मी शिकवलं होतं तशा. ती धावत निघाली, गुडघा वर घेऊन उडी मारली, दोन्ही हात पूर्ण वर. सगळं सगळं बरोबर. मी अभिमानानं फुलून गेले होते, तुला खोटं नाही सांगत.

चेंडू तिथे नव्हताच. तो तिच्या डाव्या बाजूनं, हातभर अंतरावरून गेला आणि तिनं मानसुद्धा वळवली नाही. समोरच्या मुलीचा कोपर तिच्या हनुवटीवर बसला. गोल झाला. मी धावत गेले तेव्हा ती आडवी पडली होती, गळ्यावर रक्त, आणि मला म्हणाली, "आई, पकडला का मी?"

मी म्हटलं, हो. गोल झाल्यावर पलीकडच्या पोरी नाचत होत्या, स्पीकरवर बाजा वाजत होता, आणि मी तिला हो म्हटलं.

निवड करणाऱ्यांपैकी एक जण जाता जाता म्हणाला, "लड़की में हिम्मत है, जजमेंट नहीं है." तेवढ्यावर तिचा निकाल लागला. त्याचं मला आता काही वाटतही नाही.

टाके घालून आणल्यावर सुदेश माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "मैडम, उसको शाम को नहीं दिखता. सामने का दिखता है, साइड का नहीं दिखता. मैं बोलती थी, तभी निकलती थी. आपने मुझे आगे भेज दिया."

मी म्हटलं, मला सांगितलं का नाहीस? म्हणाली, "आपने ही बोला था मुँह बंद रखने को."

दोघी पोरींनी मिळून एक पद्धत बसवली होती, आणि मी शिकवायची म्हणून ती मोडून टाकली. चुन्याची रेघ मारली, चकरा मारायला लावल्या, भित्री म्हटलं, अंधारात चेंडू फेकले. आणि ती पोर भीत नव्हती रे. दिसत नसताना ती माझ्या शब्दाखातर धावत सुटली.

उद्या डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात नेते आहे. तुझं उत्तर आलेलं नाही. सुधाकर भावजी परत आले, डबा दिला म्हणाले, तू बरा आहेस म्हणाले, आणि पुढे मान खाली घालून चहा पीत बसले.

मला काय विचारायचं आहे ते तुला पहिल्या पत्रापासून कळलंय. मलाही कळलंय की तुला कळलंय. आता तरी लिही.

अलका


लक्ष्मीबाई नगर
२३ डिसेंबर १९९६

अशोक,

हे पत्र मी काळ्या स्केचपेननं, मोठ्या अक्षरात लिहिते आहे. एका कागदावर चार-पाच ओळीच मावतायत, जाडजूड पाकीट होणार. होऊ दे. हे तुला दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागू नये. आधीची माझी पत्रं तुला कोण वाचून दाखवत होतं, ते मी विचारणार नाही.

दवाखान्यात दिवस गेला. डोळ्यात थेंब घालून बसवलं, मग अंधाऱ्या खोलीत नेलं. एका वाटीसारख्या यंत्रात हनुवटी ठेवायची, टाक्यांची हनुवटी, आणि आत कुठे बारीक उजेड दिसला की बटण दाबायचं. मी दारात उभी होते. मला त्या यंत्रातलं काही दिसत नव्हतं, फक्त बटणाचा आवाज येत होता. सुरुवातीला येत होता. मग कितीतरी वेळ आलाच नाही.

डॉक्टर तरुण आहे, नीट बोलला. रेटिनायटिस पिग्मेंटोसा असं नाव आहे. डोळ्याच्या आतला पडदा कडेकडेनं मरत येतो. आधी अंधारातलं जातं, मग बाजूचं, मधलं बरीच वर्षं राहतं. किती वर्षं ते तो सांगेना. औषध नाही म्हणाला. मी परत विचारलं, परदेशात? तिथेही नाही म्हणाला. बाजारात जगातली प्रत्येक वस्तू यायला लागली आहे, आणि हे कुठेच मिळत नाही. मग त्यानं विचारलं, घरात कुणाला आहे का, आणि वडील कुठे आहेत, त्यांनाही घेऊन या.

रिक्षात रसिका डोळे मिटून बसली होती, थेंबांमुळे उजेड टोचत होता. पुलावर आल्यावर म्हणाली, "आई, बाबांना पण हेच आहे ना?"

मी म्हटलं, काहीतरीच काय. तर म्हणाली, "जिना उतरताना ते पण पायानं चाचपून बघतात. ग्लास उचलायच्या आधी टेबलावरून हात फिरवतात. मी पण तसंच करते. मला वाटायचं सगळ्यांना असंच दिसतं यार. मला वाटायचं, बाकीच्यांना फक्त सवय जास्त आहे."

ती बोलत होती आणि मला एकेक गोष्ट आठवत होती. दिल्लीचा ट्रॅफिक वाईट म्हणून तू स्कूटर विकलीस. रात्रीच्या लग्नांना तुला नेहमी ऑफिसचं काम निघायचं. सिनेमाच्या थिएटरात शिरताना तू माझा हात धरायचास, आणि मी वेडी त्याचं मनातल्या मनात कौतुक करायचे. टाइप केलेलं पत्र. पाचला खोलीवर. मी दुसऱ्यांच्या पोरींना चेंडू बघायला शिकवते आणि माझ्या घरातली दोन माणसं मला दिसली नाहीत.

घरी आल्याबरोबर बूथवर गेले आणि पुण्याला फोन लावला. वन्संनीच उचलला. मी रसिकाचं सांगितलं, तशा त्या रडायलाच लागल्या. म्हणाल्या, "अगं, गोवर कुठला? तो आईनं माझं लग्न जमावं म्हणून काढला. माझं जमलं नाहीच. मग अशोकच्या वेळी तोच कामाला आला." तुमच्या आजोबांनाही होतं म्हणाल्या. मी विचारलं, वन्सं, आणि अशोकला? बूथमधल्या मीटरवर बिलाचा आकडा पळत होता. शेवटी म्हणाल्या, "त्यालाच विचार गं बाई. त्यानं मला शपथ घातली आहे."

तेव्हा विचारते. तुला कधीपासून माहीत आहे? आणि हे अंदमानचं पोस्टिंग तुला दिलं, की तू मागून घेतलंस?

मी रागावले आहे. खूप. तुझ्या डोळ्यांवर नाही, त्यावर कोण कसं रागावेल. तू मला सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं असं वाटलं तुला? आईंनी लपवलं, ते त्यांच्या काळाचं. पण मी तुझ्याशी भांडते, तुझी चेष्टा करते, तुझ्या शेजारी झोपते, मला सांगायला काय झालं होतं? तू एक शब्द बोलला असतास तर मी त्या पोरीला अंधारात उभं करून चेंडू मारले नसते. हे मी लिहिणार नव्हते, पण लिहिलं.

काल दुपारी ती सुदेशला घेऊन मैदानावर गेली. मी मागून गेले. स्वच्छ ऊन पडलं होतं. मला म्हणाली, कोपऱ्यातून टाक. माझा हात वर जाईना. तिची हनुवटी दिसत होती, ते डोळे दिसत होते, दोन्ही टपोरे, चांगले, कुणीही म्हणेल काय सुंदर डोळे आहेत. मी म्हटलं, आज नको. तशी ती ओरडली माझ्यावर. "टाक ना, आई. आत्ता दिसतंय मला. दिसतंय तोवर टाक."

टाकला. तिनं मान पूर्ण वळवून चेंडूवर नजर धरली, हाक दिली, निघाली आणि वरच्यावर घेतला. मी तिथेच खाली बसले आणि दोघी पोरींसमोर ओक्साबोक्शी रडले. सुदेशनं मला पाणी आणून दिलं.

संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली. तिचे प्रश्न मोजके आहेत, पण मला एकाचंही उत्तर येत नाही. अंधारात रस्ता ओलांडताना बाबा काय करतात? पहिल्यांदा कळलं तेव्हा ते कुठे होते? भीती वाटते का, आणि वाटली तर दिवसभर वाटते की फक्त संध्याकाळी? मी तिला काय सांगू? मला दिसतं, अशोक. मला सगळीकडचं दिसतं, म्हणून या बाबतीत मी तिच्या उपयोगाची नाही. तिला तू हवा आहेस. बारा गावचं पाणी प्यालेला हुशार बाप नको, जिना चाचपत उतरणारा बाप हवा आहे. तू तिकडे लपून बसलास तर ती समजेल की डोळे गेले की माणसानं असंच लपायचं असतं. ते मी तिला शिकू देणार नाही.

तू ये. रजा टाक, बदली माग, काय करायचं ते कर. जहाजानं मद्रासला उतर, तिथून दिल्लीची गाडी पकड, आणि गाडीचं नाव आणि डब्याचा नंबर तारेनं कळव. सुधाकर भावजींच्या ओळखीचं कुणी बरोबर मिळालं तर बघ, पण लाज म्हणून एकटा निघू नकोस.

एक सांगून ठेवते. ती गाडी इथे सकाळी पोचते, पण या दिवसांत धुक्यामुळे लांबत लांबत संध्याकाळ होते. प्लॅटफॉर्मवर गर्दी असेल आणि उजेड नसेल. तू घाबरू नकोस. सामान घेऊन उतरायची घाई करू नकोस, मला शोधत फिरू नकोस. डब्याच्या दाराशी उभा राहा, दांडा धरून, आणि तिथून हलू नकोस. मी येते तुझ्यापर्यंत.

तुझ्यावर भयंकर रागावलेली आणि तरीही स्टेशनवर येणारी,
अलका